दोन पॅडल आणि हातातला गिअर

मॅन्युअल गाडी म्हटलं की तीन पॅडल आणि ऑटोमॅटिक म्हटलं की दोन, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की पॅडल दोनच पण गिअर लिव्हर मात्र नेहमीसारखा पहिला दुसरा तिसरा आणि रिव्हर्सवाला, अशी गाडी बघितली की माणूस दोन मिनिटं गोंधळतोच. मग प्रश्न सुरू होतात. याच्यात क्लच नाहीच का? गिअर टाकताना कडकड आवाज नाही होणार? सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये उभी केली तर बंद नाही पडणार? मला हा प्रकार, म्हणजे क्लचलेस मॅन्युअल, मनापासून आवडतो आणि याच्याबद्दल अर्धवट माहितीच जास्त फिरत असते, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी सरळ उत्तर. क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडणारा आणि सोडवणारा भाग, आहे. अगदी साध्या मॅन्युअल गाडीत असतो तसाच, तीच फ्लायव्हील, तीच क्लच प्लेट, तीच प्रेशर प्लेट, तेच रिलीज बेअरिंग. गिअरबॉक्सही जवळपास तोच. फक्त क्लच दाबायचं आणि सोडायचं काम तुमच्या डाव्या पायाकडून काढून एका यंत्राकडे दिलंय, आणि ते यंत्र कधी चालवायचं हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. गिअर कुठला टाकायचा आणि कधी टाकायचा हे अजूनही तुम्हीच ठरवता, हातानेच टाकता.

आणि माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. या गाड्या चालवायला सोप्या आहेत हे खरंच आहे, पण साध्या मॅन्युअलमध्ये क्लचचं काय चाललंय हे आपल्याला पायातून कळत असतं, कुठे धरतोय, कुठे घसरतोय, किती ताण आलाय, ते सगळं तळपायाला जाणवतं. इथे ती जाणीव गेली. त्यामुळे क्लच आत काय करतोय हे ज्याला डोक्याने माहीत आहे त्याच्याकडे ही गाडी वर्षानुवर्षं छान चालते आणि ज्याला वाटतं की क्लचची कटकट संपली तो क्लच प्लेट लवकर जाळतो. म्हणून खाली थोडं आतलं सांगणार आहे, कंटाळा करू नका.

क्लच लागतोच कशाला? दोन वेगळ्या कामांसाठी, आणि ही दोन कामं वेगळी ठेवून विचार केला की पुढचं सगळं सोपं जातं. पहिलं काम गाडी उचलायचं. पेट्रोल डिझेलचं इंजिन शून्यावरून ताकद देऊ शकत नाही, त्याला साधारण ७००-८०० आरपीएमच्या (मिनिटाला एवढ्या फेऱ्यांच्या) खाली नेलं की ते धडपडतं आणि बंद पडतं. चाकं मात्र थांबलेली असतात, म्हणजे शून्यावर. एक फिरतंय, एक थांबलंय, आणि दोघांना हळूहळू एका वेगावर आणायचंय, तर मधे काहीतरी घसरायलाच हवं. ते घसरणं म्हणजे हाफ क्लच. ड्रायव्हिंग शिकताना सगळ्यात जास्त घाम याच्यासाठीच निघतो.

दुसरं काम चालत्या गाडीत गिअर बदलायचं, आणि इथे बऱ्याच जणांची समजूत अशी असते की क्लच दाबला नाही तर गिअरचे दाते एकमेकांवर आपटतात. हल्लीच्या गिअरबॉक्समध्ये दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात, पुढे जायच्या सगळ्या गिअरचे, एकाच वेळी. तुम्ही लिव्हर हलवता तेव्हा आतला एक स्लीव्ह सरकतो आणि त्यातला एक गिअर शाफ्टला पक्का जोडतो, बाकीचे मोकळे फिरत राहतात. आता समजा तुम्ही तिसऱ्यात ३००० आरपीएमवर आहात, तिसऱ्याचं गुणोत्तर (गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर पडायला आत किती फेरे लागतात ते) १.३ आणि चौथ्याचं १. गाडीचा वेग तोच राहणार, तर चौथ्यात गेल्यावर इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये येणारा दांडा, साधारण २३०० वर यायला हवा. म्हणजे ७०० फेरे कमी करायचेत, तेही अर्ध्या सेकंदात, आणि हे काम सिंक्रोनायझर नावाची छोटीशी रिंग करते, घासून घासून शाफ्टचा वेग जुळवते आणि मग स्लीव्हला पुढे जाऊ देते. शाफ्ट आणि क्लच प्लेट एवढंच वजन असेल तर तिला ते सहज जमतं. पण क्लच लावलेलाच असेल तर त्या शाफ्टच्या मागे फ्लायव्हील, क्रँकशाफ्ट, अख्खं इंजिन लटकलेलं असतं, आणि एवढं सगळं त्या बिचाऱ्या रिंगने थांबवायचं म्हणजे अशक्य. शिवाय एक्सलेटर दाबलेला असेल तर इंजिनाची ताकद त्या स्लीव्हवरूनच चाकांकडे चाललेली असते, त्यामुळे तो जागचा हलतच नाही, लिव्हर ओढला तरी चालू गिअरमधून बाहेर येत नाही. क्लच दाबला की हे दोन्ही एका झटक्यात सुटतं.

(ज्यांनी जड ट्रक चालवणाऱ्या जुन्या ड्रायव्हर लोकांना बघितलंय त्यांना माहीत असेल की ते चालत्या गाडीत क्लच न दाबता गिअर बदलतात, एक्सलेटर सोडून ताण काढायचा, न्यूट्रल, इंजिनचा वेग बरोबर जुळला की पुढचा गिअर अलगद आत. ती वेगळी कला आहे, तिच्यात क्लच पॅडल असूनही वापरत नाहीत आणि वेग जुळवायचं काम कान आणि पाय करतात. आज मी लिहितोय ते याच्याबद्दल नाही.)

तर आता क्लचलेस मॅन्युअलमध्ये तुम्ही लिव्हरला हात घालून ओढता तेव्हा काय होतं? लिव्हरपाशी एक सेन्सर असतो जो तुमच्या हाताचा जोर ओळखतो, आयएमटीवाल्यांच्या (ह्युंदाई आणि किया या प्रकाराला आयएमटी म्हणतात) भाषेत इंटेन्शन सेन्सर, म्हणजे या माणसाला आता गिअर बदलायचाय हे ओळखणारा. तो सिग्नल ट्रान्समिशनच्या कंट्रोल युनिटला जातो, ते युनिट ॲक्च्युएटरला, म्हणजे क्लच चालवणाऱ्या त्या यंत्राला, सांगतं, ॲक्च्युएटर हायड्रॉलिक तेलाचा दाब तयार करतो, तो दाब पाईपमधून क्लचच्या मधोमध बसलेल्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत जातो आणि सिलिंडर प्लेट आवळून धरणाऱ्या डायफ्रॅम स्प्रिंगला दाबून प्लेट सोडवतो. हे सगळं तुमचा हात लिव्हरला न्यूट्रलपर्यंत आणायच्या आत झालेलं असतं. मग तुम्ही पुढचा गिअर टाकता, पोझिशन सेन्सर सांगतो की गिअर बसला, आणि मग कंट्रोल युनिट इंजिनचा वेग, इनपुट शाफ्टचा वेग, चाकांचा वेग, एक्सलेटर किती दाबलाय हे सगळं बघत बघत क्लच परत लावतं. हे शेवटचं लावणं हीच खरी कारागिरी आहे. सोडवायचं म्हणजे पटकन सोडवायचं, त्यात फार डोकं नाही, पण लावताना किती वेगाने लावायचं याच्यावरच गाडी झटका मारते की लोण्यासारखी जाते ते ठरतं.

ही कल्पना नवीन अजिबात नाही, आणि जुने प्रयत्न माहीत असले की आजची गाडी जास्त चांगली समजते, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

१९५० च्या दशकात जर्मनीतल्या फिश्टेल उंड झाक्स कंपनीचा सॅक्सोमॅट नावाचा क्लच आला, साब ९३ मध्ये आणि डीकेडब्ल्यूच्या गाड्यांमध्ये तो जादा पैसे देऊन मिळायचा. त्याच्यात वर सांगितलेली दोन कामं सरळ दोन वेगळ्या यंत्रणांना दिली होती. गाडी उचलायला सेंट्रिफ्युगल क्लच, म्हणजे इंजिनचा वेग वाढला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि प्लेट धरते, वेग उतरला की आपोआप सुटते, कुणाला काही ठरवावं लागत नाही. आणि गिअर बदलायला व्हॅक्यूम, इंजिन हवा ओढतं त्या मॅनिफोल्डमधला, तो क्लच ओढून धरायचा, आणि त्याचं बटण गिअर लिव्हरमध्येच. कॉम्प्युटर नाही, सॉफ्टवेअर नाही, आणि तरी चालायचं. मला याचं फार कौतुक वाटतं.

१९५५ ला सिट्रोएनची डीएस आली ती अजून पुढे गेली, तिच्यात गिअरही हायड्रॉलिकने पडायचे आणि क्लचही हायड्रॉलिकने, ड्रायव्हरने स्टिअरिंगच्या मागचा छोटासा लिव्हर फक्त हलवायचा. म्हणजे ती आजच्या एएमटीच्या, गिअरही यंत्रानेच टाकणाऱ्या प्रकाराच्या, जास्त जवळची.

मग १९६७ साल. त्या एका वर्षात दोन गाजलेल्या गाड्या याच वाटेवर आल्या. एक एनएसयू आरओ८०, वँकेल इंजिनवाली (पिस्टनऐवजी गोल फिरणारा रोटर), त्या इंजिनाला कमी वेगावर नीट चालायची सवय नव्हती म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद पोचवणारा जोड, घातला, आणि गिअर बदलायला वेगळा क्लच, तो सुटायचा गिअरच्या नॉबला हात लागला की. दुसरी पोर्शे ९११, स्पोर्टोमॅटिक नावाने. तिच्यातही तेच, टॉर्क कन्व्हर्टर, व्हॅक्यूमवर चालणारा क्लच, लिव्हरमध्ये स्विच, आणि चार गिअर. पोर्शेवाले लोक मॅन्युअलबद्दल किती हळवे असतात हे माहीतच आहे, त्यांना वाटलं ही आळशी लोकांची गाडी, तर त्याच वर्षी नुरबुर्गरिंगवरच्या ८४ तासांच्या मॅराथॉन द ला रूट शर्यतीत व्हिक एलफर्ड, हान्स हेरमान आणि योखेन नीरपाश यांनी स्पोर्टोमॅटिक बसवलेली ९११ आर चालवून शर्यत जिंकली. ८४ तास म्हणजे साडेतीन दिवस सलग. स्पोर्टोमॅटिक नंतर १९८० पर्यंत मिळत होती.

फोक्सवॅगनच्या बीटललाही तसाच एक प्रकार १९६८ च्या मॉडेलपासून मिळाला, ऑटोमॅटिक स्टिकशिफ्ट नावाने, तीन गिअरवाला. आणि या टच करून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांना एक सारखीच अडचण होती, ती म्हणजे लिव्हरवर हात ठेवून बसायची माणसाची सवय. हात नुसता टेकला, किंवा बाजूला बसलेल्याचा गुडघा लागला, की स्विच दाबला जायचा, क्लच सुटायचा आणि इंजिन मोकळं होऊन ओरडायचं. आजच्या सेन्सरला नुसता स्पर्श पुरत नाही, जोर बघावा लागतो, त्याचं मूळ इथे आहे. तरी मी म्हणेन की लिव्हरवर हात ठेवून चालवायची सवय या गाड्यांमध्ये सोडलेलीच बरी. खरं तर कुठल्याही मॅन्युअलमध्ये सोडावी, कारण तो जोर आत सिलेक्टर फोर्कवर, म्हणजे स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्यावर, जातो.

१९८९ ला फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये ६४० ही गाडी आणली, स्टिअरिंगच्या मागच्या, बोटांनी ओढायच्या पॅडलवर गिअर बदलणारी, जॉन बर्नार्डने डिझाइन केलेली, आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमधली तिची पहिलीच शर्यत जिंकली. तिथून पुढे पैसा आणि हुशारी सगळी गिअरही यंत्राने टाकायच्या दिशेने गेली. क्लच यंत्राचा पण लिव्हर माणसाचा हा प्रकार १९९० च्या दशकात परत डोकावला, साब ९०० मध्ये सेन्सॉनिक नावाने, रेनोच्या ट्विंगोमध्ये इझी नावाने, मर्सिडीजच्या पहिल्या ए-क्लासमध्येही मिळायचा, पण फार टिकला नाही. माझ्या मते कारण सोपं आहे, ज्याला गिअर टाकायची आवड होती त्याला क्लचही हवा होता आणि ज्याला क्लच नको होता त्याला गिअरही नको होता. मग २०२० ला ह्युंदाईने भारतात व्हेन्यूमध्ये आणि पाठोपाठ कियाने सोनेटमध्ये आयएमटी आणली, १ लिटर टर्बो पेट्रोल आणि सहा गिअर, आणि तेव्हापासून हा विषय परत बोलण्यात आला.

एएमटीशी तुलना सगळेच करतात, तर त्याबद्दल. एएमटीमध्येही आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स असतो, क्लचही यंत्र चालवतं, पण गिअरही यंत्रच टाकतं. आणि एएमटीबद्दलची एकच तक्रार सगळीकडे ऐकू येते, गिअर बदलताना डोकं पुढे जातं. ते का होतं? क्लच सुटला की तेवढा वेळ चाकांना ताकद मिळत नाही, गाडीचं ओढणं थांबतं, तुमचं शरीर मात्र ओढलं जाण्याच्या तयारीत सीटला टेकून बसलेलं असतं. आता गंमत बघा, क्लचलेस मॅन्युअलमध्येही ताकद तेवढाच वेळ तुटते, साध्या मॅन्युअलमध्येही तुटते, पण तिथे ती केव्हा तुटणार हे तुम्हाला आधी माहीत असतं कारण तुम्हीच गिअर टाकताय, एक्सलेटर तुम्हीच सोडलाय, मान आपोआप तयार असते. एएमटीमध्ये निर्णय दुसऱ्याचा, म्हणून धक्का जाणवतो. डीसीटी हा मग तिसराच मामला, त्यात दोन क्लच असतात, एकाकडे १-३-५ आणि दुसऱ्याकडे २-४-६, एक सुटत असतानाच दुसरा धरतो, ताकद तुटतच नाही म्हटलं तरी चालेल. तो महाग, जड, गुंतागुंतीचा. क्लचलेस मॅन्युअल या सगळ्यात सगळ्यात साधा आहे, गिअर टाकायची यंत्रणाच नाही म्हटल्यावर बिघडायला तेवढ्या वस्तू कमी.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हे लिहायला घेतलं तो भाग. उष्णता. हाफ क्लचमध्ये प्लेट घसरते तेव्हा ती तापते आणि तापली की झिजते, हे सगळ्यांना माहीत आहे, पण किती तापते याचा हिशोब फार कुणी मांडत नाही आणि तो अगदी सोपा आहे. सपाट रस्त्यावर इंजिनचा वेग एका जागी धरून गाडी उचलली तर क्लच पूर्ण लागेपर्यंत गाडीत जेवढी गतिज ऊर्जा आली, साधारण तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणजे अर्धा गुणिले वजन गुणिले वेगाचा वर्ग. १२०० किलोची गाडी घ्या, पहिल्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला क्लच पूर्ण लागतो तेव्हा वेग साधारण ताशी १२ किलोमीटर, तर हिशोब येतो साडेसहा किलोज्यूलच्या आसपास. हे एकदा गाडी उचलण्याचं बिल.

आता तीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलली तर? समजा पहिल्याचं गुणोत्तर ३.६ आणि दुसऱ्याचं १.९५. त्याच १५०० आरपीएमला दुसऱ्यात वेग १.८५ पट जास्त, आणि उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट. तिसऱ्यात, १.३ धरलं तर, साडेसात पटीच्याही वर. साध्या मॅन्युअलमध्ये तिसऱ्यात गाडी उचलायला गेलात तर गाडी थरथरते, बंद पडते, पायाला कळतं की चूक झाली. क्लचलेसमध्ये कॉम्प्युटर ती बंद पडू देत नाही, बिचारा क्लच घसरवत घसरवत ओढायचा प्रयत्न करतो, आणि तुम्हाला फक्त वाटतं की आज पिकअप कमी आहे. बऱ्याच गाड्या अशा वेळी बीप वाजवतात आणि गिअर कमी करायला सांगतात. तो बीप आला की लगेच ऐका. सिग्नलला थांबताना तिसऱ्यातच थांबलात तर निघायच्या आधी पहिला टाका, दुसऱ्यात हळूहळू सरकत असलात आणि गाडी पूर्ण थांबली तरीही पहिलाच.

चढावर याहून वाईट. चढावर ब्रेक न दाबता एक्सलेटर हलका दाबून गाडी आहे तिथेच तरंगत धरायची सवय पुष्कळ लोकांना असते. १० टक्के चढ घ्या, म्हणजे १०० मीटरला १० मीटर वर, तीच १२०० किलोची गाडी. ती मागे येऊ नये म्हणून चाकांवर जो जोर लागतो तो पहिल्या गिअरमधून मागे इंजिनपर्यंत आणला की क्लचवर साधारण २५ न्यूटन मीटर येतो. गिअरबॉक्सकडची बाजू थांबलेली आणि इंजिन १००० आरपीएमवर फिरतंय, तर क्लचमध्ये सतत अडीच किलोवॅटच्या वर उष्णता तयार होतेय, म्हणजे बाथरूममधला गीझर पूर्ण ताकदीने त्या बंद डब्यात चालू ठेवल्यासारखं. अर्धा मिनिट असं धरलं की सपाट रस्त्यावर बारा वेळा गाडी उचलण्याइतकी उष्णता एकाच वेळी, आणि थंड व्हायला मधे उसंत नाही. जळका वास येतो तो याचाच. आणि हे करताना क्लचलेसमध्ये पायाला काहीच लागत नाही, उलट सोपं जातं, म्हणून लोक जास्त करतात. करू नका. चढावर ब्रेक दाबून ठेवा, हिल असिस्ट असेल तर तो ब्रेक सोडल्यावर थोडा वेळ धरून ठेवतो, तेवढ्यात एक्सलेटर ठाम दाबून निघा. नसेल तर हँडब्रेक ओढा आणि गाडी ओढायला लागली की सोडा, साध्या मॅन्युअलमध्ये शिकवतात तसंच.

ठाम दाबून हे मुद्दाम म्हटलं. नवीन माणूस घाबरत घाबरत एक्सलेटरला चिमटा काढल्यासारखा दाबतो, सोडतो, परत दाबतो, आणि कॉम्प्युटरला कळत नाही याला निघायचंय की थांबायचंय, तो क्लच अर्धवट लावतो, परत सोडवतो. हीच गोष्ट ट्रॅफिकमध्ये. पुढची गाडी अर्धा मीटर सरकली की आपणही अर्धा मीटर सरकायचं याच्याऐवजी थोडी जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच नीट पुढे जावं, दर सरकण्यामागे एक हाफ क्लच असतो हे लक्षात ठेवलं की हे आपोआप जमतं. ब्रेक सोडल्यावर गाडी आपोआप रांगते ती सोय पार्किंगमध्ये फार छान, पण रांगतेय म्हणजे क्लच घसरतोय, हे विसरायचं नाही.

सिग्नलला गिअरमध्ये ठेवून ब्रेकवर उभं राहिलं तर चालतं का? चालतं, गाडी बंद पडत नाही कारण यंत्राने क्लच पूर्ण सोडवून, म्हणजे पॅडल दाबून धरल्यासारखा, ठेवलेला असतो आणि प्लेट घसरत नाही. पण क्लच सोडवून धरायला रिलीज बेअरिंग सतत स्प्रिंगवर दाबलेलं राहतं, आणि ॲक्च्युएटरही दाब धरून बसतो. पाच दहा सेकंद असेल तर राहू द्या, लांब सिग्नल असेल तर न्यूट्रल. यात जुन्या आणि नव्या गाडीत काहीच फरक नाही.

गिअर बदलताना एक्सलेटर सोडायचा का, हाही नेहमीचा प्रश्न. सोडा. इंजिन कंट्रोल युनिट ताकद कमी करू शकतं, पण पाय दाबलेला ठेवून कॉम्प्युटरकडून ते करवून घेण्यापेक्षा आपणच अर्ध्या क्षणासाठी सोडला की सगळंच मऊ होतं. आणि लिव्हर खेचताना घाई नको, न्यूट्रलच्या रेषेतून जाताना अगदी किंचित थांबल्यासारखं करायचं, सिंक्रोनायझरला तेवढा वेळ मिळतो.

डाउनशिफ्टमध्ये, म्हणजे खालचा गिअर टाकताना, एक धोका मात्र नीट समजून घ्या. लिव्हर गिअरबॉक्सशी थेट जोडलेला आहे, त्यामुळे पाचव्यातून चौथ्यात जायच्या ऐवजी चुकून दुसऱ्यात टाकला तर जोर लावल्यावर तो पडू शकतो. कंट्रोल युनिट फार तर क्लच लावायला नकार देऊ शकतं, म्हणजे इंजिन वाचतं. पण गिअर आत बसलेला आहे म्हणजे क्लच प्लेट चाकांकडून फिरवली जातेय, आणि दुसऱ्या गिअरच्या गुणोत्तराने ती प्रचंड वेगाने फिरते, इतकी की तिच्यावरचं घर्षणाचं अस्तर (फ्रिक्शन लायनिंग) फाटून उडू शकतं. म्हणून बीप आला आणि गाडी ओढत नाही असं वाटलं तर त्याच गिअरमध्ये बसून राहू नका, लगेच न्यूट्रल करा.

उतारावर इंजिन ब्रेकिंग मिळतं का? मिळतं. गाडी चालत असताना क्लच लागलेलाच असतो, एक्सलेटर सोडला की इंजिन गाडी धरून ठेवतं, घाटात दुसऱ्या तिसऱ्यात उतरा, अगदी नेहमीसारखं. फरक फक्त खूप कमी वेगाला, इंजिनचा वेग आयडलच्या, म्हणजे एक्सलेटर न दाबता इंजिन फिरतं त्या वेगाच्या, जवळ आला की सिस्टिम क्लच सोडवते, गाडी बंद पडू नये म्हणून, आणि त्या क्षणी इंजिनाची पकड सुटते. अगदी तीव्र उतारावर मुंगीच्या गतीने उतरताना ब्रेकवर पाय तयारच हवा. पार्किंगमध्येही ऑटोमॅटिकसारखा गाडी अडवून धरणारा पी नसतो, हँडब्रेक ओढायचाच.

एक वेगळा उपप्रकार पण आहे, ज्यात पॅडल ठेवलंय पण ते क्लचला जोडलेलंच नाही. २०२० ला कियाने युरोपात रिओच्या ४८ व्होल्ट माइल्ड हायब्रिडमध्ये असा क्लच दिला, नाव तेच आयएमटी, पण पॅडल आहे, फक्त ते इलेक्ट्रॉनिक सिग्नल देतं. कशासाठी? तर वेगात असताना एक्सलेटर सोडला की गाडी स्वतः क्लच सोडवून इंजिन बंद करू शकते आणि नुसती वाहत जाते, इंधन वाचतं, आणि ड्रायव्हरने पॅडल दाबलं की परत सगळं जागेवर. (टोयोटाच्या काही गाड्यांवरही आयएमटी लिहिलेलं असतं, ते आणखी वेगळं, तिथे क्लच तुमचाच, फक्त गिअर बदलताना इंजिनचा वेग गाडी जुळवून देते.) आणि होंडाने २०२३ ला मोटरसायकलसाठी ई-क्लच जाहीर केला, त्यात हाताचा क्लच लिव्हर आहे, वाटलं तर वापरा, नाही तर गाडी बघून घेईल. मला हा सगळ्यात सुंदर तोडगा वाटतो, जाणीवही राहते आणि त्रासही जातो.

हे कुणासाठी आहे? ज्याचा डावा गुडघा दुखतो, घोट्याला मार लागलाय, किंवा ज्याला डावा पायच नाही, त्याच्यासाठी हे यंत्र फार मोठी गोष्ट आहे. साध्या मॅन्युअल गाडीला असा ऑटोमॅटिक क्लच नंतरून बसवून देणारी किटं कितीतरी वर्षं आहेत आणि ती मुख्यतः अशाच ड्रायव्हर लोकांनी वापरली, हा भाग जाहिरातीत कधी दिसत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. रोज तास तास ट्रॅफिकमध्ये असणाऱ्यालाही फायदा आहेच, पण त्याला मी आधी खऱ्या ऑटोमॅटिकचा विचार कर म्हणेन, कारण ट्रॅफिकमध्ये हातही तेवढाच दमतो. मोकळ्या रस्त्यावर जास्त चालवणारा आणि गिअर स्वतः ठरवायला आवडणारा, त्याच्यासाठी हे बरोबर बसतं. खडबडीत डोंगराळ वाटांवर, जिथे क्लच केसाएवढा सोडून गाडी इंचाइंचाने चढवायची असते, तिथे मी तीन पॅडलच घेईन, पायाइतकं बारीक काम तिथे यंत्राला जमत नाही. लायसन्सचंही बघा, ब्रिटन आणि युरोपियन युनियनमध्ये क्लच पॅडल नसलेली गाडी ऑटोमॅटिकच धरतात, तिच्यावर टेस्ट दिली तर ब्रिटनमध्ये तीन पॅडलवाली चालवता येत नाही.

दुरुस्तीचं थोडक्यात. प्लेट झिजत जाते तसा क्लच धरायचा पॉइंट सरकतो, आणि सिस्टिम तो स्वतः शिकत राहते, म्हणून झीज लवकर कळत नाही. नवीन क्लच सेट बसवला की तो पॉइंट स्कॅनर लावून परत शिकवावा लागतो, ते न करता गाडी दिली तर नवीन क्लच असूनही झटके मारते आणि लोक म्हणतात पार्ट खराब निघाला. मेकॅनिकला आधीच विचारून घ्या की त्याच्याकडे ती सोय आहे का. तेल गळतीवरही लक्ष हवं, कारण दाब गेला की क्लच सुटत नाही. आणि बॅटरी उतरल्यावर धक्का मारून सुरू करायचा भरवसा धरू नका, ऐन वेळी सोडायला पॅडलच नाही.

जुनी गाडी घेत असाल तर सपाट जागेवर पहिला गिअर टाकून नुसता ब्रेक सोडा, एक्सलेटरला हात, म्हणजे पाय, लावू नका, आणि बघा ती एकसारखी रांगायला लागते की उचकी देते. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० ला वरच्या गिअरमध्ये घालून एक्सलेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वेगाच्या काट्याबरोबर सावकाश चढला तर क्लच चांगला आहे. आरपीएम भसकन वर गेला आणि गाडी तिथेच राहिली तर प्लेट संपलीय, आणि मग क्लच सेट, बेअरिंग, स्लेव्ह सिलिंडर आणि स्कॅनरवरचं शिकवणं हा सगळा खर्च धरूनच भाव करा.